शीटमधले पत्ते न्यूजलेटरमध्ये नीट जात नाहीत: दर महिन्याची अडचण आणि तिचे उपाय

सभासदांची यादी एक्सेलमध्ये व्यवस्थित दिसते. तिची सीएसव्ही करून न्यूजलेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की कधी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, कधी 'ईमेलचा कॉलम सापडला नाही' असा संदेश येतो. कधी इम्पोर्ट यशस्वी झाल्याचं दिसतं, पण समजा १,२०० ओळी असतील तर आत गेलेल्या असतात ९४०. एकदा कसंबसं जमवलं तरी पुढच्या महिन्यात नवे सभासद टाकताना पुन्हा तेच. मंडळं, ग्रंथालयं, छोटी मासिकं, ट्रेकिंगचे गट, सगळीकडून ही तक्रार येते आणि बोल सॉफ्टवेअरला लावला जातो. माझ्या पाहण्यात बिघाड जवळजवळ नेहमी त्याआधी झालेला असतो: शीटची सीएसव्ही करताना, किंवा झालेली सीएसव्ही 'बघू बरोबर आहे का' म्हणून पुन्हा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करताना.

म्हणून तपासणीसाठी सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडूच नका. फाइलवर राइट क्लिक करा, 'ओपन विथ' निवडा आणि नोटपॅडमध्ये उघडा. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर असतो: एका माणसाची एक ओळ आणि माहितीच्या दोन तुकड्यांमध्ये स्वल्पविराम. न्यूजलेटरचं सॉफ्टवेअर हेच वाचतं. एक्सेल मात्र तीच फाइल दाखवताना आकडे, तारखा आणि अक्षरं आपल्या समजुतीप्रमाणे बदलतं आणि सेव्ह केलं की ते बदल फाइलमध्ये कायम होतात. नोटपॅडमध्ये नावं नीट वाचता येत असतील, पहिल्याच ओळीत कॉलमची नावं असतील आणि प्रत्येक ओळीत एकच ईमेल दिसत असेल, तर तुमची फाइल बहुतेक ठीक आहे. यातलं जे दिसत नसेल तिथून शोध सुरू करायचा.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

'सुनीता' ऐवजी सहा प्रश्नचिन्हं दिसतात. अक्षरं तीन आणि प्रश्नचिन्हं सहा, कारण संगणकाच्या हिशेबी स, उकार, न, वेलांटी, त आणि काना अशी ती सहा चिन्हं आहेत. एक्सेलच्या 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये सीएसव्हीचे एकाहून जास्त प्रकार असतात. नुसतं 'सीएसव्ही (कॉमा डिलिमिटेड)' निवडलं की फाइल जुन्या, फक्त रोमन अक्षरं ओळखणाऱ्या पद्धतीत साठवली जाते. देवनागरीला तिथे जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं. त्या फाइलमधून नाव परत काढता येत नाही, त्यामुळे तिच्याशी झटापट करत बसू नका. मूळ एक्सेल शीटवर जा आणि या वेळी 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. यूटीएफ-८ ही देवनागरीसह सगळ्या लिपी साठवणारी पद्धत आहे. एक्सेल २०१९ आणि ३६५ मध्ये हा पर्याय आहे. त्याहून जुनं एक्सेल असेल तर शीट गूगल शीट्समध्ये चढवून तिथून सीएसव्ही डाउनलोड करा, ती यूटीएफ-८ मध्येच येते. लिब्रेऑफिसचं कॅल्कही चांगलं आहे. ते मोफत आहे आणि सेव्ह करताना अक्षरांची पद्धत कोणती हवी हे स्वतःहून विचारतं.

प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर मात्रा दिलेल्या युरोपी अक्षरांचा गिचमिड मजकूर दिसत असेल, एका नावाची लांबच लांब रांग झाली असेल आणि दर तीन चिन्हांमागे तेच चिन्ह येत असेल, तर तो वेगळा आजार आहे आणि बरा होणारा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं. एक्सेल डबल क्लिकने उघडताना ते तीन बाइट म्हणजे तीन स्वतंत्र रोमन अक्षरं असं समजतं. फाइलमधली माहिती अजून शाबूत असते. सेव्ह न करता बंद करा. एक्सेलमध्येच बघायची असेल तर कोरी शीट उघडून 'डेटा' टॅबमधल्या 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'ने ती आत घ्या आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. तिथेच 'डेटा टाइप डिटेक्शन' नावाचा पर्याय असतो. त्यात 'डू नॉट डिटेक्ट' ठेवलं की फोन नंबरही आहेत तसे राहतात.

महाराष्ट्रातल्या जुन्या संस्थांना यात आणखी एक पदर आहे. वीस-पंचवीस वर्षांची यादी श्रीलिपीत किंवा तशाच एखाद्या युनिकोडपूर्व, म्हणजे आजची सर्वमान्य अक्षरपद्धत येण्याआधीच्या, फाँटमध्ये टाइप केलेली असते. अशा यादीत देवनागरी फक्त डोळ्यांना दिसते. आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात आणि तो फाँट त्यांना मराठीचा वेश चढवतो. ओळखायची रीत सोपी: नावांचा कॉलम निवडा आणि फाँट बदलून एरियल करा. मराठी गेली आणि इंग्रजी अक्षरांचा काला उरला तर यादी युनिकोडमध्ये नाही. इथे यूटीएफ-८ काहीच करू शकत नाही, आधी कन्व्हर्टरने रूपांतर करावं लागतं. श्रीलिपीचे अनेक लेआउट आहेत. चुकीचा निवडला तर बाकी सगळं बरोबर येऊन जोडाक्षरं आणि रफार तेवढे बिघडतात, म्हणून रूपांतरानंतर क्ष, ज्ञ, श्र आणि रफार असलेली नावं मुद्दाम शोधून पाहा. उलटाही प्रकार होतो. संपूर्ण शीटला श्रीलिपीचा फाँट लावलेला असला तर ईमेलचा कॉलम अगम्य देवनागरीत दिसतो आणि लोक घाबरून सगळे पत्ते पुन्हा टाइप करायला बसतात. तसं करू नका. फाँट बदला, ईमेल जसेच्या तसे तिथेच असतात.

'ईमेलचा कॉलम सापडला नाही'

कॉलमचं नाव अगदी बरोबर लिहिलेलं असतं, तरी हा संदेश येतो. कारणं मुख्यतः दोन.

एक तर शीटच्या डोक्यावर 'सभासद यादी, वार्षिक सर्वसाधारण सभा' असं शीर्षक मर्ज केलेल्या सेलमध्ये असतं आणि कॉलमची नावं तिसऱ्या ओळीवर असतात. छापायला ते छान दिसतं, पण सॉफ्टवेअर पहिल्या ओळीलाच हेडर मानतं. शीर्षक काढा, रिकाम्या ओळी काढा, शेवटची 'एकूण' ची ओळही काढा. 'अ. क्र.' कॉलम लागत नाही.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. एक्सेलचं 'सीएसव्ही यूटीएफ-८' फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची अदृश्य खूण ठेवतं. तिला बीओएम म्हणतात. 'ही फाइल यूटीएफ-८ आहे' एवढंच ती सांगते. बरीच सॉफ्टवेअर ती ओळखून बाजूला काढतात. जी काढत नाहीत त्यांच्या लेखी ती खूण पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटलेली असते, आणि ईमेल हा पहिलाच कॉलम असला की तो 'ईमेल' राहत नाही. विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या नोटपॅडमध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यात 'यूटीएफ-८ विथ बीओएम' असं लिहून येतं. 'सेव्ह अ‍ॅज' करा, एन्कोडिंगच्या खिडकीत नुसतं 'यूटीएफ-८' निवडा, काम झालं. गूगल शीट्समधून काढलेल्या सीएसव्हीत ही खूण नसते, आणि म्हणूनच मी लोकांना शेवटचं पाऊल तिथूनच टाकायला सांगतो.

संपूर्ण ओळ एकाच कॉलममध्ये येत असेल तर नोटपॅडमध्ये पाहा, स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम असतील. जर्मनीतल्या मराठी मंडळांना हे ठरलेलं दुखणं आहे. तिथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे तिथल्या विंडोजवरचं एक्सेल सीएसव्हीत अर्धविराम घालतं. फाइल बदलायची गरज नाही. झेरोधाच्या कैलाश नाध यांनी लिहिलेलं लिस्टमंक हे मुक्त सॉफ्टवेअर वापरत असाल तर इम्पोर्टच्या पानावर डिलिमिटरची, म्हणजे विभाजक चिन्हाची, चौकट असते, तिथे अर्धविराम टाका. पीएचपीलिस्ट हे सॉफ्टवेअरही तसंच विचारतं.

काही पत्ते 'अवैध' म्हणून वगळले जातात

इथे आधी सॉफ्टवेअरचा अहवाल वाचा. बहुतेक सेवा वगळलेल्या ओळींची यादी कारणासकट देतात आणि बहुतेक लोक ती उघडतच नाहीत. कारणांत सगळ्यात वरचा नंबर अदृश्य जागांचा. पत्ता वेबपानावरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केला की शेवटी एखादी न तुटणारी स्पेस नाहीतर शून्य रुंदीचं चिन्ह सोबत येतं. शंका आली तर लेन फॉर्म्युला लावून पत्त्याची लांबी मोजा. डोळ्यांनी २१ अक्षरं मोजली आणि लेन २२ सांगत असेल तर पाहुणा आत आहे. ट्रिम फॉर्म्युला साधी स्पेस काढतो, पण न तुटणारी काढत नाही. तिच्यासाठी सबस्टिट्यूट वापरायचा आणि शोधायचं चिन्ह म्हणून युनिकॅर १६० द्यायचं. शून्य रुंदीच्या स्पेससाठी युनिकॅर ८२०३.

पण ही सफाई फक्त ईमेलच्या कॉलमवर करा. 'सगळी अदृश्य चिन्हं काढा' अशी साधनं मिळतात, ती संपूर्ण शीटवर चालवली की मराठी नावांची वाट लागते. कऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडपांडे या आडनावांतला चंद्रकोरीसारखा र अनेक कीबोर्डांवर एका अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीने उमटतो. ते चिन्ह काढलं की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि माणसाला स्वतःचं आडनाव चुकलेलं पत्र जातं. मराठी वाचकाला हे पहिल्या ओळीतच खुपतं.

मग टायपिंगच्या चुका. डॉट कॉमच्या जागी डॉट कॉन, टिंबाच्या जागी स्वल्पविराम, पत्त्याच्या आधी उगाच तीन डब्ल्यू, 'जीमेल'मधला अक्षरक्रम उलटा. हाताने भरलेल्या फॉर्मवरून यादी केली की हे येणारच. एकाच सेलमध्ये तिरकी रेघ देऊन नवरा-बायकोचे दोन ईमेल लिहिण्याची पद्धतही सर्रास आहे. सॉफ्टवेअर त्याला एकच चुकीचा पत्ता समजतं आणि दोघंही वगळले जातात. दोन स्वतंत्र ओळी करा. पुढच्या वेळी माहिती गूगल फॉर्मवर घ्या आणि ईमेलच्या प्रश्नाला 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन' लावा, म्हणजे आकार चुकलेला पत्ता मुळात आतच येणार नाही. अक्षरांची चूक मात्र तेही पकडू शकत नाही. डॉट कॉन त्याला चालतं.

संख्या तरीही जुळत नसेल तर उरलेला फरक बहुधा दुहेरी पत्त्यांचा आणि आधी अनसबस्क्राइब झालेल्यांचा असतो. मेलचिंपसारख्या सेवा ज्याने स्वतःहून नाव काढलं त्याला इम्पोर्टने परत घेऊ देत नाहीत. ते योग्यच आहे.

फोन, पिन कोड, तारखा

याचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ते कॉलम न नेणं. न्यूजलेटरला ईमेल आणि नाव लागतं. फोन, घरचा पत्ता, जन्मतारीख पत्रात वापरणार नसाल तर ती माहिती तिसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवायची कशाला? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे की सांगितलेल्या कामापुरतीच माहिती वापरावी. कॉलम कमी केले की अर्ध्या अडचणी तिथेच मिटतात: पत्त्यांतले स्वल्पविराम, सेलच्या आत ऑल्ट-एंटर मारून केलेल्या ओळी, सगळंच.

न्यावेच लागले तर टाइप करण्याआधी त्या कॉलमचं फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. ९१ धरून फोन नंबर बारा आकडी होतो आणि एक्सेल बारा आकडी संख्या आखूड करून, मध्ये 'ई' घालून दाखवतं. सीएसव्हीत जे दिसतं तेच उतरतं, म्हणजे शेवटचे आकडे गेले. मूळ शीटमध्ये ते असतात, म्हणून मूळ शीट कधी पुसू नका. महाराष्ट्रातले पिन कोड ४ ने सुरू होतात, त्यांना धोका नाही. पण न्यू जर्सीत एडिसनसारख्या ठिकाणी, जिथे मराठी कुटुंबं भरपूर आहेत, झिप कोड ०८८१७ असा शून्याने सुरू होतो आणि एक्सेल ते शून्य गाळतं. तारीख द्यायचीच तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या. मार्च आणि मे यांची अदलाबदल तेवढ्याने टळते.

'प्रिय जोशी'

हा तांत्रिक बिघाड नाही, पण तक्रारी याच्याच जास्त येतात. आपल्या याद्या सरकारी फॉर्मच्या धाटणीने आडनाव, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव अशा क्रमाने असतात. सॉफ्टवेअर पहिला शब्द 'पहिलं नाव' म्हणून घेतं आणि पत्र सुरू होतं 'प्रिय जोशी'. नाव आणि आडनाव दोन कॉलमांत वेगळं करा. श्री., सौ., डॉ., अ‍ॅड. यांना तिसरा कॉलम द्या. आपल्या मंडळात ज्येष्ठांना नुसत्या नावाने हाक मारत नसतील तर 'संबोधन' असा कॉलमच करा आणि त्यात 'सुधाताई', 'कुलकर्णी सर', 'देशपांडेकाका' असं जे खरंच म्हणता ते लिहा. वेळ लागतो, पण दोन-तीनशे सभासदांच्या मंडळाला हे शक्य आहे आणि वाचणाऱ्याला त्यातला फरक कळतो.

आणि इम्पोर्ट करण्याआधी नावाच्या कॉलमात 'कै.' शोधा. जुन्या वह्यांवरून आलेल्या याद्यांत सभासद गेल्यावर कोणीतरी नावाआधी 'कै.' लिहून ठेवलेलं असतं आणि ओळ तशीच राहते. ईमेल बहुधा मुलाचा किंवा सुनेचा असतो. त्या घरी 'नमस्कार कै.' असं सुरू होणारं पत्र जाणं फार वाईट. त्या ओळी आंधळेपणाने पुसूही नका. वेगळ्या शीटवर काढा आणि घरच्यांना पत्र हवं आहे का हे कोणीतरी ओळखीच्याने विचारा. हवं असेल तर त्यांच्या नावाने नवीन ओळ करा.

पुन्हा पुन्हा इम्पोर्ट करताना

दर महिन्याला तीच अडचण येते, कारण दर महिन्याला नवी फाइल कुणीतरी नव्याने बनवतं. एक मूळ शीट ठेवा, शक्यतो गूगल शीट्सवर. बदल फक्त तिथे करायचे. दर वेळी तिथूनच ताजी सीएसव्ही काढायची, इम्पोर्ट करायची आणि ती सीएसव्ही टाकून द्यायची. डाउनलोड्समधल्या जुन्या सीएसव्हीत दुरुस्ती करून तीच पुन्हा चढवणं बंद झालं की बराच गोंधळ थांबतो. कॉलमची नावंही एकदा ठरवा आणि बदलू नका, म्हणजे मॅपिंग, म्हणजे कुठला कॉलम कुठे जातो हे सांगणं, दर वेळी नव्याने करावं लागत नाही. लिस्टमंकला तर ठरावीक इंग्रजी नावंच लागतात: ईमेल, नेम आणि लागलं तर अ‍ॅट्रिब्यूट्स.

पूर्ण यादी टाकण्याआधी पाच ओळींची चाचणी फाइल टाका. ओळी कुठल्याही घेऊ नका. एक देवनागरी नावाची, एक कऱ्हाडेसारख्या आडनावाची, एक आधीपासून यादीत असलेल्या माणसाची, एक रिकाम्या नावाची आणि एक तुमच्या स्वतःच्या अशा पत्त्याची जो तुम्ही मुद्दाम अनसबस्क्राइब केला आहे. जीमेलच्या पत्त्यात नावानंतर अधिक चिन्ह देऊन काहीही जोडता येतं आणि पत्र तुमच्याच पेटीत येतं, त्यामुळे चाचणीसाठी वेगळी खाती उघडावी लागत नाहीत. रिकाम्या नावाच्या ओळीने जुनं नाव पुसलं जातं का हे कळतं. अनसबस्क्राइब केलेला पत्ता पुन्हा चालू झाला का हे पाहणं तर सगळ्यात महत्त्वाचं.

कारण 'असलेली माहिती बदला' किंवा 'ओव्हरराइट' ही खूण करताना नेमकं काय बदलतं हे दर सॉफ्टवेअरमध्ये वेगळं आहे. लिस्टमंकमध्ये ओव्हरराइटने नावाबरोबर सदस्यत्वाची स्थितीही बदलू शकते. म्हणजे ज्याने 'मला पत्रं नकोत' सांगितलं, तो जुन्या शीटमध्ये अजून असेल तर पुन्हा यादीत येऊ शकतो. तो माणूस दुसऱ्यांदा अनसबस्क्राइब करत बसत नाही, थेट स्पॅमचं बटण दाबतो. जीमेल पाठवणाऱ्यांकडून स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अपेक्षा करतं. म्हणजे हजारात तिघं रागावले की बाकीच्यांची पत्रंही स्पॅममध्ये जायला लागतात.

यासाठी अनसबस्क्राइब झालेल्यांना सॉफ्टवेअरमधून डिलीट करू नका. डिलीट केलं की त्यांचा नकारही पुसला जाऊ शकतो आणि पुढच्या इम्पोर्टला ते नवे सभासद म्हणून आत येतात. इम्पोर्टच्या आधी सॉफ्टवेअरमधून अनसबस्क्राइब आणि बाउन्स झालेल्या (पत्र न पोचता परत आलेल्या) पत्त्यांची यादी एक्स्पोर्ट करा आणि मूळ शीटमध्ये 'नकोत' नावाच्या वेगळ्या टॅबवर चिकटवा. मुख्य यादीत एका कॉलममध्ये काउंटइफ फॉर्म्युला लावून प्रत्येक ईमेल त्या टॅबवर आहे का ते मोजा. जिथे शून्य येईल फक्त त्याच ओळी फिल्टर करून नव्या टॅबवर घ्या आणि सीएसव्ही त्या टॅबची काढा.